शेवटचं नीट कधी बोलल्या

— अकरा. तिसऱ्यांदा सांगतोय, अकरा वाजता झालं हिला. खाली दारावरच्या मुलीला सांगितलं, फोटो काढायच्या खोलीतल्या सिस्टरला सांगितलं, आता तुम्हाला. काय आहे डॉक्टर मॅडम, मी सातवी पास माणूस, पण लालबागला मसाल्याच्या धंद्यात पस्तीस वर्षं काढलीत. गिऱ्हाईक एकच भाव तीनदा विचारतं ना, तेव्हा त्याला भाव ऐकायचा नसतो — दुकानदाराची जीभ कुठे अडखळते ते बघायचं असतं. बसा ना, उभ्या का? हातांकडे बघू नका माझ्या, हळद आहे, बायकोला तशीच उचलून टॅक्सीत घातली.

मला आधी त्या तारेचं सांगा. आमच्या समोरचा दत्ताराम, सुक्या मासळीवाला — गेल्या वर्षी त्याचं अर्धं अंग गेलं. जांघेतून तार घातली, डोक्यापर्यंत नेली, गुठळी ओढून बाहेर — आणि चौथ्या दिवशी हा बाबा खाटेवर बसून वहिनीला झापत होता, बोंबील नीट झाकले नाहीस म्हणून. मग माझ्या सीमाला का नाही? ... हं. ... हं. म्हणजे त्याची मोठी नस, झाडाच्या खोडासारखी, आणि हिची पार टोकाची फांदी. तिथे तार नेता येते, पण नेऊन औषधापेक्षा जास्त फायदा झालेला दिसला नाही, उलट बारीक नस फाटायची भीती — असंच ना? शेकडो पेशंटांवर बघितलंय म्हणता. रागावू नका हां, पण आपल्याच दुकानातला माल 'घेऊ नका' म्हणणारा दुकानदार मी पाहिला नाही. मी स्वतः एकदाच म्हटलंय, तेव्हा हळदीला कीड होती. म्हणून मनात येतं — ह्यांनी माझी चप्पल बघितली आणि ठरवलं, ह्याला काही झेपायचं नाही. झेपेल! ... नाही? तो प्रश्नच नाही? दत्तारामसारखी मोठी नस असती तर न विचारता घेतलं असतं? बरं. विश्वास ठेवतो. अर्धा.

मग राहिली ती गुठळी विरघळवायची सुई. साडेचार तासांच्या आत, ठाऊक आहे मला. दत्तारामच्या शेजारच्या खाटेवर एकाला आणलं होतं, त्याच्या मुलाने भोळेपणाने खरी वेळ सांगून टाकली — म्हणजे — वेळ सांगितली त्याने, आणि डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, सुई नाही. झालं. तारीख उलटलेला माल कोण घेतो? पण आमचं तसं नाही. अकरा ते आत्ता सव्वा वाजलाय, सव्वादोन तास. सुई आत तयार आहे म्हणालात ना? मग अडलंय कुठे?

काय? 'अकराला तुम्ही बघितलंत, पण त्या शेवटचं नीट कधी बोलल्या?' हा काय प्रश्न झाला! आमच्याकडे नीट कोण बोलतं? कांडपाचं मशीन चालू, मिरचीचा खकाणा उडतोय, नाकाडोळ्यांतून पाणी — तोंड वाकडं करूनच बोलतात सगळे. आज सकाळचीच गंमत सांगतो, म्हणजे पटेल. माहीमच्या कोळीवाड्यातली सोनूबाई वर्षाचा मसाला करायला आली. ती कशी — कांडप संपेपर्यंत मशीनसमोर स्टूल टाकून बसणार, पापणी हलवायची नाही. का? तर आम्ही तिची मिरची बदलू! सगळ्याच तशा. मशीन मधे थांबवलं तर म्हणणार, 'मूठभर काढलीस काय रे?' म्हणून आम्ही थांबवतच नाही. तर सीमा एकेक जिन्नस तिला दाखवून, नाव घेऊन टाकत होती — धने, लवंग, त्रिफळ — आणि दगडफूल हातात धरून म्हणते, कंदील. कंदील! सोनूबाई म्हणाली, 'काय गो, सकालीच घेतलीस काय?' हसलो आम्ही. सीमाही हसली, म्हणजे अर्ध्या ओठाने. मी म्हटलं ठसका लागलाय, गूळ खा, पाणी पी. पाणी हनुवटीवरून ओघळलं. मिरचीने ओठ बधिर झाले की ओघळतंच हो, नवीन काय त्यात? मागे पोत्यांपाशी बसवली तिला, तिथे खकाणा कमी, आणि मी परत मशीनवर —

अं? सोनूबाई? ती साडेआठला. दुकान उघडायच्या आत पायरीवर हजर असते. का, तिचं काय इथे?

काय लिहिलंत? नाही, काय लिहिलंत तुम्ही? अकराच्या बाजूला साडेआठ? अहो, तो ठसका होता! गंमत म्हणून सांगितली मी! मी बघितलं ते अकराला, हात लोंबत होता ते अकराला — खोटं बोललो का मी? तुम्ही अकरा धरून द्या ना सुई. माझी सही घ्या, अंगठा घ्या. अर्धा तास पुढे-मागे झाला तर असं काय आभाळ कोसळणार आहे? ... काय होतं उशिरा दिली तर? ...

डोक्यात रक्तस्राव. त्याच सुईने?

... जीव जाऊ शकतो.

ती बघत होती माझ्याकडे. पोत्यांपाशी बसून. हाक मारत नव्हती, मला वाटलं रुसली, सोनूबाईसमोर हसलो म्हणून. हाक मारताच येत नव्हती तिला, हे मला मशीन बंद केल्यावर कळलं. अडीच तास, मॅडम. अडीच तास माझं सगळं लक्ष त्या बाईकडे — ती माझ्यावर कसला संशय घेते ह्याकडे. आणि माझं माणूस चार हातांवर...

साडेआठही नको. आठ लिहा. आठला चहा घेताना शेवटचं नीट बोलली, आलं जास्त झालंय म्हणाली. त्यानंतरचं मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. अकरा खोडा ते, माझ्यासमोर खोडा. तो दुसरा मोठा फोटो काढून अजून काही करता येतंय का बघू म्हणता, तर बघा, काढा, पण त्या सुईला आधी हात लावू देऊ नका कुणाला. आत कोण आहे तिच्याजवळ? अकराच माहीत आहे ना त्यांना? — अहो, मग माझ्याकडे काय बघत उभ्या राहिलात! जा! पळा!