होडी पाणी पिते

व्हिस बेटावर स्प्लिट शहराला जाणाऱ्या बोटीसाठी मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे फक्त बेपो आणि दोब्रिला हे म्हातारं जोडपं होतं.

"उगाच चाललोय आपण, बेपो."

"स्प्लिटच्या त्या हॉटेलवाल्याला आज हो म्हणून टाकू. आपली होडी दारात शोभेला ठेवील तो."

"शोभेला! माती भरून फुलझाडं लावील. त्यासाठी दोन हिवाळे फळ्या बदलत बसलास?"

"पाण्यात सोडली तर चाळणीसारखी गळते. तूच उपसत होतीस ना?"

"वर्षानुवर्षं उन्हात सुकलेलं लाकूड आहे ते. पाणी पिऊन फुगेल, मग फटी मिटतील. तुलाच धीर नाही."

"आठवडा झाला की!"

"लग्नाचं विचारायला तू दोन वर्षं लावलीस, तेव्हा मी बोलले काही?"

"फोन वाजतोय तुझा."

"भाऊ आहे. बोल, शिमे. काय? तळाला हात लावून बघ. कोरडा?"

"काय म्हणतोय?"

"कालपासून उपसायला पाणीच नाही म्हणतोय."

"थापा मारतोय मेला."

"मग तू जा हॉटेलात. मी चालले शीड चढवायला."

"अगं, एकटीला झेपणारे का ते? थांब, दोब्रिला! टोपी तरी घालू दे!"

बोट धक्क्याला लागली, तेव्हा रांगेत सगळ्यात पुढे मीच होतो.