चार सेकंद वाया

रुग्णालयाच्या बाकावर माझ्या शेजारी एका औषध कारखान्याचे निवृत्त साहेब बसले होते. त्यांच्या पॅकिंग विभागातल्या जुन्या मावशी तिथे आल्या.

“साहेब, इथे कसे?”

“हिला दाखल केलंय, मावशी. हृदयाची गोळी दोन दिवस पोटात गेली नाही.”

“विसरल्या?”

“पाकिटातले दोन कप्पे रिकामेच होते. हिला नीट दिसत नाही. गोळ्या हातून पडल्या असं समजली, आणि मी ओरडेन म्हणून गप्प बसली.”

“पाकीट कुणाचं?”

“आपलंच.”

“अगंबाई!”

“तुम्ही प्रत्येक पाकिटावर अंगठा फिरवायचात. चार सेकंद. मी ते ‘वाया’ लिहिलं, तुमचं टेबल हलवलं, पाकिटं तपासायला कॅमेरा बसवला.”

“बरोबरच आहे. कॅमेऱ्याचे गुडघे दुखत नाहीत.”

“थट्टा करा, मावशी. पण कॅमेऱ्यातून सुटतं, हे तेव्हाच सांगायचं होतंत.”

“सांगायला आले होते की. तुम्ही म्हणालात, तोंडी नको, चिठ्ठी लिहून सूचनापेटीत टाका.”

“टाकलीत?”

“तीन टाकल्या. मुलीकडून लिहून घेतल्या, चांगल्या अक्षरात.”

“ती पेटी आम्ही तुमच्या टेबलाबरोबरच भंगारात दिली, मावशी. कुलपासकट.”