म्हैस, बकरी आणि गोमतीमावशी

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष माननीय गणेशराव, मानोऱ्याहून दोन जीपा बदलून वेळेच्या आधी पोचलेल्या आणि त्यामुळे आम्हा आयोजकांची धांदल उडवलेल्या प्रमुख पाहुण्या मंजूताई, वाचनालयाचे सचिव हरीओमभाऊ, आपले ज्येष्ठ कथाकथनकार बबनराव, नकलांचे बादशहा लालसिंगभाऊ, आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती गोमतीबाई राऊत, म्हणजे साऱ्या शेलूबाजारच्या गोमतीमावशी, समोर बसलेल्या भगिनींनो आणि बंधूंनो, आणि मागे दाराशी उभं राहून जेवण किती वाजता आहे ते विचारणाऱ्या मंडळींनो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

हरीओमभाऊंनी मला सात मिनिटं दिली आहेत आणि समोर टेबलावर घड्याळ ठेवलं आहे. ते घड्याळ बंद आहे. कृपया त्यांना कोणी सांगू नये.

आपल्या गावात होळीनंतरच्या रविवारी हास्यमेळा भरतो, त्याला यंदा सव्वीस वर्षं झाली. त्यानिमित्त वाचनालयानं ठराव केला की एक 'विनोद जीवनगौरव' पुरस्कार द्यावा. ठराव एका मिनिटात मंजूर झाला. पुरस्कार कोणाला द्यायचा, यासाठी मात्र पाच बैठका लागल्या. निवड समितीत आम्ही पाच जण. दोघं बबनरावांच्या बाजूचे, दोघं लालसिंगभाऊंच्या, आणि पाचवी मी. मी शाळेत मराठी शिकवते, अधूनमधून विनोदी लेख लिहिते, म्हणून मला विनोदातलं कळतं असा लोकांचा समज आहे. मी तो आजवर दूर केलेला नाही.

दोन्ही नावं तुम्हाला ठाऊक आहेतच. तरी पाहुण्यांसाठी सांगते. बबनराव गावंडे गोष्टी सांगतात. त्यांची म्हशीची गोष्ट इथल्या लहान मुलांनाही पाठ आहे. लग्नात घोडा आला नाही, म्हणून नवरदेवाला म्हशीवर बसवतात. म्हैस वाटेत तळं बघते आणि नवरदेवासकट पाण्यात जाऊन बसते. ती काही केल्या उठत नाही, म्हणून लग्न तळ्यातच लागतं. आणि लालसिंगभाऊ नकला करतात. ट्रॅक्टर, हातगाडीवाला, खोकणारे आजोबा, मोबाइलवर ओरडून बोलणारा माणूस, आणि सगळ्यांत गाजलेली त्यांची बकरी.

आता सांगा, यातून निवड कशी करायची? विनोद मोजायचा कशानं? फुटपट्टीनं की तराजूनं?

तिसऱ्या बैठकीत बबनरावांच्या बाजूचे एक सदस्य उठून म्हणाले, "नक्कल म्हंजे काय? आवाज बकरीचा, खोकला बुढ्याचा, घरघर ट्रॅक्टरची. याचं सोताचं काय हाये त्यात? द्यायचाच असन तं बकरीले द्या पुरस्कार!"

त्यावर लालसिंगभाऊंच्या बाजूचे सदस्य म्हणाले, "अन् तुमचे बबनराव? सव्वीस वर्षं झाले, तेच तळं, तेच लगन, तेच म्हैस. म्हशीच्या जिवावर मोठा झाला मानूस. मंग म्हशीले द्या जीवनगौरव!"

तासभर हे चाललं. एका क्षणी तर मला खरंच वाटलं की दोन्ही प्रबळ उमेदवार चार पायांचे आहेत. त्या दिवसाच्या इतिवृत्तात हरीओमभाऊंनी 'दोन नावांवर सविस्तर चर्चा झाली' एवढंच लिहिलं आहे. कोणती दोन नावं, ते लिहिलेलं नाही.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण चौथ्या बैठकीच्या आधी, एका दुपारी, बबनराव माझ्या घरी आले. दारातच उभे राहिले. मी म्हटलं, काका, बसा, चहा टाकते. ते बसले, पण टोपी हातातच धरून बसले. मग म्हणाले, "ताई, पुरस्काराचं राहू द्या. त्या लालसिंगाले भेटला तरी मले काही नाही. मले एकच सांगा. तुमी लिहिनाऱ्या बाई. लोक मायं ऐकून खरंच हसतात, का बुढा हाये, जाऊ दे, म्हनून हसतात?"

 मी लिहिते तेव्हा माझ्यासमोर कोणी नसतं. एखादी ओळ लिहून मीच गालात हसते, आणि दुसऱ्या दिवशी वाचली की वाटतं, यात हसण्यासारखं काय होतं बरं? ही शंका माझ्याही घरी राहते. पण मी दाराआड लिहिते. बबनराव सव्वीस वर्षं भर सभेत, लोकांच्या तोंडाकडे बघत, ही शंका घेऊन उभे राहिले. बाहत्तराव्या वर्षी त्यांना त्याचं उत्तर हवं होतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं. मी चहात साखर जास्त घातली, एवढंच माझ्या हातून झालं.

चौथ्या बैठकीत हरीओमभाऊंनी उपाय काढला. आपल्या हास्यमेळ्याचं दरवर्षी रेकॉर्डिंग होतं. आधी कॅसेटवर, मग सीडीवर, आता पेन ड्राइव्हवर. ते म्हणाले, सगळं ऐकू, कोणाच्या वेळी लोक किती हसतात ते मोजू, आणि विषय संपवू. आम्ही तीन संध्याकाळी वाचनालयात बसून हसू मोजलं. जगात याहून उदास काम नसेल. पाच माणसं गंभीर चेहऱ्यानं कागदावर रेघा ओढताहेत आणि खोक्यातून लोक खदाखदा हसताहेत!

पण दुसऱ्या संध्याकाळी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. बबनराव असोत की लालसिंगभाऊ, आधी एकच हसू येतं. तुम्ही ते ओळखता. कोरड्या पडलेल्या हातपंपाला चार-पाच दांडे मारले की आत खोल कुठेतरी गडगड होते, आणि मग एकदम भसकन पाणी येतं, तसं ते हसू. आधी गडगड, मग भसका, आणि त्यानंतर सगळी सभा. प्रत्येक वर्षी. प्रत्येक विनोदाला. फक्त एका वर्षी ते हसू नव्हतं. त्या वर्षी गोमतीमावशी नातीच्या बारशाला कारंज्याला गेल्या होत्या. त्या वर्षीच्या कॅसेटवर म्हशीची पूर्ण गोष्ट आहे, पूर्ण बकरी आहे, आणि त्यांच्यामध्ये कोणाच्या तरी हातून ताट पडल्याचा आवाज आहे. लोक ताटालाच हसले आहेत.

हरीओमभाऊंनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "म्हंजे सव्वीस वर्षं हा मेळा मावशीच चालवून राह्यल्या."

दोन्ही कलाकारांना विचारल्यावर आणखी एक गंमत बाहेर आली. बबनराव दरवर्षी गुपचूप जीप पाठवून मावशींना आणवत आणि पहिल्या रांगेत बसवत. लालसिंगभाऊही दरवर्षी गुपचूप तेच करत. दोघांनाही दुसऱ्याचं ठाऊक नव्हतं. मावशी एका जीपमध्ये स्वतः बसत आणि दुसरीत गल्लीतल्या बायका बसवत. आपल्या गावात महिला प्रेक्षकांचं प्रमाण इतकं चांगलं कसं, याचं कोडं मला तेव्हा उलगडलं.

मग काय, पाचवी बैठक मावशींच्या अंगणातच भरली. मी आणि हरीओमभाऊ गेलो. बबनराव आणि लालसिंगभाऊ 'सहज' सोबत आले. मावशी सुपात तूर निवडत होत्या. हरीओमभाऊंनी मोठ्या आवाजात पुरस्काराचं सांगितलं. मावशी घाबरल्याच. "मले? काहून बापा? मायं काही चुकलं का?"

मीही मोठ्यानं म्हटलं, "मावशी, चुकलं काही नाही. तुमच्या हसण्यावर सगळा गाव हसतो."

मावशींनी सूप बाजूला ठेवलं. मग त्या जे बोलल्या ते मी त्यांच्याच परवानगीनं इथे सांगते आहे. "सांग बाई," त्या मला काल म्हणाल्या, "आता लपवून काय करू."

त्या म्हणाल्या, "मले तं कानाशी आल्याबिगर ऐकूच येत नाही, बाई. तेरा वर्षं झाले. लेकाले सुदीक सांगतलं नाही. आता माघात शिबिरातून कानाचं मशीन भेटलं, तव्हा घरच्याईले समजलं."

मी त्यांच्या कानाशी वाकले. मी विचारलं, "मग मावशी, तुम्ही हसायच्या कशाला?"

"अवं, मानूस बोलता बोलता थांबते. थांबते अन् आपल्याकडं पाह्यते. दूध पाजाच्या आंधी वासरू पाह्यते ना, तसं. आता त्याले तसंच उभं ठेवाव का? मंग मी हसून देतो. अन् एकदा हसू लागलं का मंग मले मायंच हसू आवरत नाही."

मला बबनरावांकडे बघवेना. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग मावशींच्या कानाशी येऊन म्हणाले, "अन् त्याच्या आंधीचे तेरा वर्षं? तव्हा तं ऐकू ये ना तुमाले?"

"ये ना," मावशी म्हणाल्या. "पन तव्हा मी शेंगा फोडत बसो. ध्यान नसे. आवाज थांबला का हसो."

मंडळी, बबनरावांचं त्या दिवशीचं तोंड मी विसरणार नाही. पण हा माणूस मागे हटणारा नव्हे. त्यांनी बाज पुढे ओढली आणि म्हणाले, "मावशी, मशीन कानात घाला. आज ऐका."

मावशींची नात रुचिका मशीन घेऊन आली. कानात नीट बसवलं, चालू केलं. बबनरावांनी घसा साफ केला आणि म्हशीची गोष्ट सुरू केली. मी त्यांना इतकं मन लावून सांगताना कधी ऐकलं नव्हतं. नवरदेव म्हशीवर चढला, म्हैस तळ्यात बसली, भटजी काठावरून मंगलाष्टकं म्हणू लागले. बबनराव थांबले. मावशींकडे बघितलं.

मावशी हसल्या नाहीत. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मंग नवरीचा शालू भिजला असन?"

बबनराव गोंधळले. "हौ… भिजला ना."

"कोन्या गावची पोरगी होती?"

"अं… मंगरूळपीरकडची."

"असं पान्यात लगन लागलं, मंग मानपानाचं काय झालं? सासूनं बोल लावला असन बिचारीले. नांदते ना थे?"

आता सांगा, सव्वीस वर्षांत त्या नवरीची चौकशी तुम्ही-आम्ही कोणी केली होती? बबनरावांनाही ठाऊक नव्हतं. पण मावशींच्या डोळ्यांतली काळजी पाहून ते म्हणाले, "नांदते, मावशी. मजेत हाये."

"लेकरं?"

"दोन."

"अन् म्हैस?"

"म्हैस… थे तं अजून…"

"अजून तळ्यातच हाये?" मावशी घाबरून म्हणाल्या. "अन् धारा कोन काढते मंग?"

आणि बबनराव हसले. तुमच्यापैकी कोणी बबनरावांना हसताना पाहिलं आहे? मी पाहिलं नव्हतं. लोकांना हसवताना ते कायम दगडासारखा चेहरा ठेवतात. त्या दिवशी ते बाजेवर आडवे झाले. डोळ्यांतून पाणी, एक पाय हवेत, टोपी तुरीत. मावशींनी नव्या मशीनमधून ते हसू ऐकलं, दोन क्षण बघत राहिल्या, आणि मग आत खोल कुठेतरी गडगड झाली. पुढचं सांगायला नको. हरीओमभाऊ तर इतिवृत्ताची वही तोंडावर धरून हसत होते.

लालसिंगभाऊंना वाटलं, आपली परीक्षा राहिली. त्यांनी लगेच बकरी काढली. मावशी काही बोलायच्या आत खुंट्याला बांधलेल्या मावशींच्या बकरीनंच उत्तर दिलं. लालसिंगभाऊंनी हात जोडले. "झालं. मायी पावती भेटली मले. आता कोनाची गरज नाही."

पुरस्काराचा प्रस्ताव तिथेच, त्याच बाजेवरून, बबनरावांनी मांडला. लालसिंगभाऊंनी अनुमोदन दिलं. बकरी तटस्थ राहिली.

परत येताना मी बबनरावांना विचारलं, काका, वाईट वाटलं का?  ते म्हणाले, "वाटलं ना. थोडं वाटलं. पन ताई, त्या पोरीचं कोनीच विचारलं नव्हतं मले. लोक हसत अन् घरी जात. या बाईनं ऐकलं." मग म्हणाले, "आता तिची गोष्ट लिहून काढतो. नवरीची. म्हशीले जरा बाजूला ठेवतो."

 लोक खरंच हसतात का, हा प्रश्न त्या दिवसानंतर त्यांनी पुन्हा विचारला नाही.

आता एक शेवटचं. आज सकाळी मावशी या दारातून आत येईनात. माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "मले बोला लागन म्हनते हरीओम. अन् मी बोलली अन् कोनीच हसलं नाही तं?" मी काही उत्तर देण्याआधी मागून बबनराव म्हणाले, "कायले भेता, मावशी? मी हाव ना." तेव्हा व्यासपीठावरची त्यांची खुर्ची रिकामी दिसली तर कोणी गैरसमज करून घेऊ नये. ते खाली, पहिल्या रांगेत, मधोमध बसले आहेत आणि तिथून उठायला तयार नाहीत.

मंडपवाल्यांचे, माइकवाल्यांचे, रांगोळी काढणाऱ्या मुलींचे, दोन्ही जीपांच्या चालकांचे आणि सव्वीस वर्षं हसू साठवून ठेवणाऱ्या आमच्या रेकॉर्डिंगवाल्यांचे मी वाचनालयातर्फे मनापासून आभार मानते. बोलण्याच्या ओघात कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाची थट्टा जरा जास्त झाली असेल, किंवा सात मिनिटांची सतरा झाली असतील, तर मला लहान समजून पोटात घाला.

गोमतीमावशी, या. माइक तुमचा आहे. बोलता बोलता थांबावंसं वाटलं, तर खुशाल थांबा.