वीस जोड आणि एक विहीणबाई

...आणि वर पोरगा मलाच म्हणतो, "बाबा, तुम्ही गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं?" आता तुम्हीच सांगा, होणाऱ्या सुनेची आई फक्त फ्रेंच बोलते, लग्न ठरवायला घरी येणार, आणि मुलाच्या बापाने काय भिंतीकडे बघत बसायचं? म्हणून लावली शिकवणी. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "तुटक बोलू नका, वाक्यं जोडायला शिका." झालं. तुम्हाला सांगतो, तीस वर्षं प्लंबिंग केलंय, पाइप सहसा गळत नाही, गळतो तो जोड. जोड पक्का पाहिजे. बाईंनी वीस जोडशब्द दिले, ते मी आरशावर चिकटवून दाढी करताना घोकले... मे म्हणजे पण, पार्स्क म्हणजे कारण, दाँक म्हणजे म्हणून... आणि बाकीचे शब्द? ते बघू सावकाश, आधी जोड पक्का पाहिजे.

आल्या विहीणबाई, लेकीला घेऊन. पोरगा नेमका खाली गाडी लावतोय. मी घसा खाकरला आणि म्हणालो, फ्रेंचमध्ये हं, "तुमची मुलगी फार चांगली आहे, पण..."

पुढचा शब्दच येईना. म्हणायचं होतं, पण आमचं पोरगं आळशी आहे, सांभाळून घ्या. आळशीला काय म्हणतात कुणाला ठाऊक? पोरीचा चेहरा एवढासा झाला. विहीणबाई हळूच म्हणाल्या, "पण?" मी म्हटलं, "कारण..." त्या म्हणाल्या, "कारण?" मी म्हटलं, "म्हणून..." त्यांनी पर्सच उचलली हो. जोड एकेक पक्का, पण मध्ये पाइप नको? म्हटलं, आपल्या तोंडाने पोराचं लग्न मोडलं आपण.

तेवढ्यात आमची ही उठली. हिला एकच शब्द येतो, वी, म्हणजे हो. हिने पोरीला पोटाशी धरलं, "वी, वी, वी" म्हणाली आणि लागली रडायला. मग विहीणबाईही रडल्या. पोरगा वर आला तेव्हा तिघी गळ्यात गळा, आणि मी कोपऱ्यात. तारीख तिथेच ठरली.

आता लग्नात आमच्या बाजूने भाषण कोण करणार? ही. विहीणबाईंचा हट्ट, म्हणे तुमच्या घरात स्वच्छ फ्रेंच यांनाच येतं. परवा ही मला विचारते, "अहो, जमेल ना मला भाषण?"

मी म्हटलं, वी.