झेंड्यांची मजुरी मी घेतली आहे

आधी हे लिहा, नाव मागाहून: मी झेंडे फुकट शिवलेले नाहीत. सकाळपासून तिघांनी "आजी, मोठी सेवा केलीत" म्हणून मला हात जोडले. माझे डोके उठले आहे.

नाव: ओळखपत्रावरून उतरवून घ्यावे. गल्लीत शिवणवाली आजी म्हणतात. वय: सत्तरीच्या पुढे. धंदा: शिवणकाम. शिक्षण: दुसरीत शाळा सुटली. राहणार: बाजारामागे, पिठाच्या गिरणीवरची खोली.

मी स्वतः ठाण्यात येऊन, विचारले तेवढे आणि न विचारलेलेही सांगते की,

राज्याच्या निवडणुकीला आमच्या भागातून उभे असलेले उमेदवार माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्या प्रचारखर्चाचा हिशेब माझा जावई ठेवतो. प्रचार सुरू होण्याआधी उमेदवार स्वतः जिना चढून माझ्या खोलीत आले. कापड त्यांनीच आणले. "आजी, शिवण पक्की पाहिजे, वाऱ्यात उसवता कामा नये," म्हणाले. मी मजुरी सांगितली. त्यांनी घासाघीस केली, मी हटले नाही. निम्मी तेव्हाच त्यांच्या हातून घेतली, निम्मी झेंडे नेताना. माझ्या हाताखाली चार बाया होत्या. त्यांची मजुरी त्यांना मी दिली.

पुढे चौकातल्या सभेत मला पहिल्या रांगेत बसवले. उमेदवार माइकवर म्हणाले, "या माउलीने एक पैसा न घेता झेंडे शिवले." टाळ्या पडल्या. माझ्याकडे काम करणारी बाई शेजारीच होती. तिने विचारले, "आजी, मग आम्हाला दिलंत ते काय होतं?" मी उभी राहून म्हटले, "साहेब, मी घेतलेत की पैसे. मोजून घेतलेत." लोक हसले. उमेदवारही हसले आणि माइक दुसऱ्याकडे दिला.

दुसऱ्या दिवशी जावई कागद घेऊन आला. सोबत मुलगी होती. बोलणे झाले ते असे:

"आई, खर्चाला मर्यादा असते. ती मंडपात आणि गाड्यांतच भरली. मजुरी दाखवली तर साहेब मर्यादेबाहेर जातात. तुम्ही स्वखुशीने काम केलं असं लिहून दिलं, की ते खर्चात धरत नाहीत."

"मग गाड्या कमी फिरवायच्या होत्या."

"आई, नुसती सही तर करायची आहे."

"जावईबापू, सेवा आजाऱ्याची करतात. झेंडा काय तापाने फणफणला होता?"

मुलगी म्हणाली, "आई, कर ना." मी केली नाही. मुलगी चहा न घेता उठली. त्यानंतर ती आलेली नाही. तिच्याबद्दल मला काही विचारू नये.

आज ठाण्यातल्या साहेबांनी मला उमेदवारांच्या खर्चाच्या हिशेबाला जोडलेला तोच कागद दाखवला. त्यावर माझ्या नावाची सही आहे. ती माझी नाही. मला इतके वळणदार कधी जमलेले नाही. कोणी केली ते मी पाहिलेले नाही, म्हणून सांगत नाही. कागद जावयाने आणला होता हे पाहिले आहे, ते सांगते.

लिहून घेणारे हवालदार म्हणाले, "आजी, जावई अडकेल. घरचा माणूस आहे. नीट विचार करा." मी विचार करूनच खोलीला कुलूप लावून आले आहे. मर्यादा सगळ्या उमेदवारांना सारखी म्हणतात. मग ती पाळणारा वेडा ठरावा आणि लपवणारा निवडून यावा, हे मला पटत नाही.

आता उमेदवार म्हणतात म्हणे, की त्यांना यातले काहीच ठाऊक नाही, सगळे जावयाने परस्पर केले. हे साफ खोटे आहे. पैसे त्यांच्या हातचे होते आणि माइकवर तोंडही त्यांचेच होते. जावयाने जे केले ते जावई भोगेल, त्यात मी पडणार नाही. पण दुसऱ्याचे त्याच्या गळ्यात घालू देणार नाही.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मध्ये 'सेवाभावाने' असा शब्द घुसला होता, तो खोडायला लावला. बाकी मी बोलले तसेच उतरले आहे. खालची सही मी सगळ्यांसमोर केली आहे.

बाहेर बाकावर माझ्या जावयाला बसवून ठेवले आहे. त्याला मागाहून विचारा. आधी उमेदवारांना इथे बोलवा आणि उत्तर त्यांच्याच तोंडून घ्या. त्यांच्या वतीने दुसरा कोणी आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.