शिव्या काढल्या तर उरतं काय

पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की सुमेधनं माझ्या परीक्षणावर काहीच उत्तर दिलं नाही. नुसतं 'ओके' पाठवलं तरी दोन मिनिटांत जवाब देणारा माझा हा कॉलेजातला मित्र. त्यानं कोराडीच्या कॉलनीतल्या घरात, आवाज घुमू नये म्हणून रजई पांघरून, रॅपचा अल्बम रेकॉर्ड केला होता. ऐकणारे सगळे आगीच्या इमोजी टाकून मोकळे झाले. मला म्हणाला, "तू तरी खरं लिही वं." मी फेसबुकवर लिहून टाकलं, 'शब्दांना धार आहे, पण शिव्या काढल्या तर अल्बम अर्धाच उरतो.'

दुपारी कॉलेजातल्याच प्राचीचा फोन आला. "तुझं परीक्षण त्यांच्या कॉलनीच्या ग्रुपवर फिरून राहिलं. त्याच्या बाबांनी पण वाचलं."

सुमेधनं घरी सांगितलं होतं, की ही समाजप्रबोधनाची गाणी आहेत. बाबा पॉवर स्टेशनात फोरमन, आवाज भोंग्यासारखा. आता माईक जप्त, गाणं बंद, आणि कारण मी.

"समीक्षक कुठली, तू तर चुगलखोर निघाली," प्राची म्हणाली.

मी सुमेधला नऊदा फोन लावला. दहाव्यांदा उचलला, तो बाबांनी.

"काका, सुमेध आहे का?"

"समोरच बसला आहे. ते शिव्यांचं तूच लिहिलं का वं?"

"हो काका, पण माझा अर्थ तसा..."

"आम्ही शिफ्टवरचे चौघं मिळून तीनदा ऐकलं. शिफ्टवर तर आम्ही रोज असंच बोलतो. त्यात शिवी कोणती आहे, ते सांग मले."