सुट्टीच्या दिवशीचा फोन
कळंबला चिंतामणीच्या रांगेत भोयर मॅडम तोंडाला स्कार्फ गुंडाळून उभ्या होत्या. पुढे उभ्या असलेल्या दोघी त्यांच्याच ऑफिसातल्या निघाल्या, प्रांजली आणि वैशू. ताप आला म्हणून दोघींनी सकाळीच सुट्टी टाकली होती.

"मॅडमचा मेसेज पाह्यला का वं, प्रांजली? तापातबी रिपोर्ट मांगून राह्यली!"

"मी त घरी गेली का मोबाईल पिठाच्या डब्यात टाकून देते."

"अन् अर्जंट असलं त?"

"तिले शिंक आली तरी अर्जंटच असते."

मॅडमनी गुपचूप नंबर दाबला. प्रांजलीची पर्स वाजायला लागली.

"पाह्य, नाव घेतलं न आली!"

"उचल न वं."

"सुट्टीत मी देवाचाबी फोन उचलत नाही."

पर्स गप्प झाली आणि मॅडमचाच फोन वाजला.

"हो साहेब... नाही नाही, ऑफिसातच आहे... रिपोर्ट? पाठवते न, आत्ताच पाठवते."

आवाज ऐकून पुढच्या दोन्ही माना गर्रकन वळल्या. तेवढ्यात कोणीतरी रांगेच्या डोक्यावर टांगलेली घंटा ठणाणा वाजवली. मॅडमनी फोन छातीशी दाबून धरला.

प्रांजलीनं हात उंच करून घंटेचा लोळा मुठीत पकडला.

"बोला मॅडम, आरामात बोला. पन रिपोर्ट उद्या भेटन म्हना त्यायले."